सात वर्तुळे आणि एक हरवलेले विमान

८ मार्च २०१४. मध्यरात्र उलटून ४२ मिनिटे झाली असताना मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघाले. विमान बोइंग ७७७ जातीचे. आत २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी, म्हणजे एकूण २३९ माणसे होती. प्रवाशांमध्ये पाच भारतीय होते. सकाळी साडेसहाला विमानाने बीजिंगला उतरायचे होते. ते उतरले नाही.

आज आपण बऱ्याच खात्रीने असे म्हणू शकतो की त्या सकाळी ८ वाजून १९ मिनिटांनी हे विमान हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, ठरलेल्या मार्गापासून हजारो किलोमीटर दूर होते. तिथे ते कोणी पाहिले नव्हते. त्या भागात एकाही रडारवर ते दिसले नव्हते. विमानातून कुणाचा आवाजही आला नव्हता. मग हे कळले कसे?

त्यासाठी जे गणित आणि विज्ञान वापरले गेले त्याचा गाभा आपल्या शाळेतल्या पुस्तकांत आहे. वेग, वेळ आणि अंतर, वर्तुळ, पायथागोरसचे प्रमेय, आणि आगगाडीच्या शिट्टीचा बदलणारा सूर. हे सगळे एका खऱ्या आणि दुःखद प्रश्नावर कसे कामाला आले, ते आपण पायरीपायरीने पाहू. (लेखातल्या सर्व वेळा मलेशियातल्या आहेत. भारतीय वेळ त्याच्या अडीच तास मागे असते.)

रडार कुठपर्यंत सांगते?

विमानतळावरचा नियंत्रक पडद्यावर विमानाचा क्रमांक आणि उंची पाहतो, तेव्हा ती माहिती विमान स्वतःच पाठवत असते. जमिनीवरून विचारणा गेली की विमानातला ट्रान्सपाँडर उत्तर देतो. एमएच ३७० मधून शेवटचे बोलणे ऐकू आले ते १ वाजून १९ मिनिटांनी. दोन मिनिटांनी, मलेशिया आणि व्हिएतनामच्या हवाई हद्दी जिथे मिळतात त्या भागात, ट्रान्सपाँडर बंद झाला आणि विमान नियंत्रकांच्या पडद्यावरून नाहीसे झाले.

लष्करी रडारची रीत वेगळी आहे. रेडिओ लहर सोडायची आणि कुठल्याही वस्तूवरून परतलेला प्रतिध्वनी टिपायचा. त्याला विमानाच्या सहकार्याची गरज नसते. या नोंदी नंतर तपासल्या, तेव्हा दिसले की विमान मागे वळले, मलाया द्वीपकल्प ओलांडून पेनांगजवळून गेले आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून वायव्येकडे निघाले. २ वाजून २२ मिनिटांनी ते सुमात्राच्या उत्तर टोकाच्या पलीकडे रडारच्या टप्प्याबाहेर गेले.

हे कळेपर्यंत शोध चालला होता तो पूर्वेला, दक्षिण चीन समुद्रात. तिथे काही मिळणे शक्यच नव्हते.

‘आहेस का?’ – ‘आहे.’

मोठ्या विमानांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे एक यंत्र असते. एमएच ३७० मधले यंत्र इन्मारसॅट कंपनीच्या एका उपग्रहामार्फत ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथील भूकेंद्राशी जोडलेले होते. मध्ये काही काळ बंद पडलेले हे यंत्र २ वाजून २५ मिनिटांनी, म्हणजे रडारवरची शेवटची नोंद झाल्यावर तीनच मिनिटांनी, पुन्हा जोडले गेले.

बराच वेळ एखाद्या विमानाकडून काही आले नाही, तर भूकेंद्र आपणहून एक छोटा संदेश पाठवते. त्याचा अर्थ एवढाच : ‘आहेस का?’ विमानातले यंत्र, वैमानिकाला न विचारता, उत्तर देते : ‘आहे.’ वर्गात हजेरी घेतल्यासारखेच हे. ‘हजर’ म्हणणारा मुलगा कुठल्या बाकावर बसला आहे, हे त्या शब्दात नसते. तसेच विमान कुठे आहे, ते या उत्तरात नव्हते.

अशी उत्तरे ३:४१, ४:४१, ५:४१, ६:४१ आणि ८:११ या वेळांना आली. जमिनीवरून दोनदा विमानात फोनही लावला गेला, पण तो कोणी उचलला नाही. २:२५ ची जोडणी आणि शेवटी ८:१९ ला यंत्राने आपणहून केलेली जोडणी धरली, तर एकूण सात वेळांच्या नोंदी आपल्या हाती येतात.

यावरून पहिली गोष्ट कळली ती ही : विमान दिसेनासे झाल्यावर जवळजवळ सात तास ते उडत होते.

वेळेवरून अंतर

‘हजर’ या शब्दात जागा नसली, तरी उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजता येते. दरीच्या कडेला उभे राहून हाक मारली आणि प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला, तर समोरचा कडा किती लांब आहे ते आपण काढतो. इथे ध्वनीऐवजी रेडिओ लहर आहे आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे. म्हणजे एका मायक्रोसेकंदात, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ती ०.३ किलोमीटर जाते.

संदेशाचा मार्ग असा : पर्थहून उपग्रहाकडे वर, उपग्रहाकडून विमानाकडे खाली, आणि त्याच वाटेने परत. उपग्रह भूस्थिर कक्षेत, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने ही फेरी अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्त होते. यात विमानातल्या यंत्राने उत्तर द्यायला घेतलेला वेळही मिसळलेला असतो. तो वजा कसा करायचा? विमान क्वालालंपूरच्या धक्क्यावर उभे असताना त्याची जागा अचूक माहीत होती. त्या वेळच्या नोंदींवरून यंत्राचा स्वतःचा विलंब काढता आला.

भूकेंद्र प्रत्येक उत्तराचा उशीर एका ठरावीक संदर्भापासून नोंदवत असे. या नोंदी ठेवायला सुरुवात झाली, त्यामागेही एक अपघात होता. २००९ मध्ये एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले. त्यानंतर, विमानाची जागा काढायला मदत व्हावी म्हणून ही नोंद सुरू झाली.

३:४१ ची नोंद होती ११,५०० मायक्रोसेकंद. ८:११ ची १८,०४० मायक्रोसेकंद. मुलांना फळ्यावर करायला द्या :

१८,०४० – ११,५०० = ६,५४० मायक्रोसेकंद
जाणे आणि येणे दोन्ही असल्याने अर्धे : ३,२७०
३,२७० × ०.३ = ९८१ किलोमीटर

म्हणजे पर्थ-उपग्रह-विमान ही वाट साडेचार तासांत सुमारे ९८० किलोमीटरने लांबली. पण इथे एक खोच आहे. हा उपग्रह १९९६ मध्ये सोडलेला, जुना. त्याची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे १.६ अंशांनी कललेली होती, त्यामुळे तो रोज थोडा उत्तरेला आणि थोडा दक्षिणेला झुलत असे. ३:४१ च्या सुमारास तो सर्वांत उत्तरेला, विषुववृत्ताच्या प्रतलापासून सुमारे १,२०० किलोमीटर वर होता. नंतर तो खाली येऊ लागला, म्हणजेच दक्षिण गोलार्धातल्या पर्थच्या जवळ आला. पर्थ आणि उपग्रह यांमधले अंतर त्यामुळे सुमारे ८० किलोमीटरने घटले. एकूण वाट ९८० ने वाढली आणि तिचा एक तुकडा ८० ने घटला, तर दुसरा तुकडा, उपग्रह ते विमान, सुमारे १,०६० किलोमीटरने वाढला असला पाहिजे. विमान उपग्रहापासून दूर जात होते.

अंतरावरून वर्तुळ

पूर्ण हिशेब केला तर ३:४१ ला विमान उपग्रहापासून सुमारे ३६,७५० किलोमीटरवर होते. आता पृथ्वीगोल घ्या. गोलाच्या वर काही अंतरावर एक खिळा आहे आणि त्याला ठरावीक लांबीची दोरी बांधली आहे, अशी कल्पना करा. दोरी ताणून तिचे टोक गोलावर फिरवले, तर काय उमटेल? वर्तुळ. त्या क्षणी विमान या वर्तुळावर कुठेतरी होते. कुठे, ते दोरी सांगत नाही.

वर्तुळाची त्रिज्या जमिनीवर किती? पृथ्वीचा केंद्रबिंदू, उपग्रह आणि विमान यांचा त्रिकोण काढा. केंद्रापासून उपग्रह ४२,१६४ किलोमीटर, केंद्रापासून विमान ६,३८१ किलोमीटर (पृथ्वीची त्रिज्या अधिक उड्डाणाची उंची) आणि तिसरी बाजू आपण काढलेली. तिन्ही बाजू माहीत असल्या की केंद्रापाशी असलेला कोन काढता येतो. ३:४१ साठी तो सुमारे २९.६ अंश येतो. पृथ्वीवर एका अंशाचे १११ किलोमीटर, म्हणून त्रिज्या सुमारे ३,३०० किलोमीटर. असेच प्रत्येक वेळेसाठी केले की, पूर्णांकात, हे आकडे येतात :

२:२५ – ३,५५० किलोमीटर
३:४१ – ३,३०० किलोमीटर
४:४१ – ३,३५० किलोमीटर
५:४१ – ३,६५० किलोमीटर
६:४१ – ४,१०० किलोमीटर
८:११ – ४,८५० किलोमीटर
८:१९ – ४,९५० किलोमीटर

सर्व वर्तुळांचा मध्य सुमारे ६४.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताजवळ आहे. आकडे नीट पाहा. अंतर आधी कमी होते आणि चारच्या सुमारानंतर वाढत जाते. सरळ रस्त्याने चालताना बाजूच्या एका झाडापासूनचे आपले अंतर असेच आधी घटते आणि मग वाढते.

वर्तुळाचा बराच भाग आपोआप गळतो, कारण मिळालेल्या वेळात आणि इंधनात विमान तिथे पोचूच शकत नाही. उरतो तो कंस. १५ मार्च २०१४ रोजी मलेशियाच्या पंतप्रधानांनी जाहीर केले की विमान दोनपैकी एका पट्ट्यात असू शकते. एक उत्तरेचा, कझाकस्तान-तुर्कमेनिस्तान सीमेपासून उत्तर थायलंडपर्यंत. दुसरा दक्षिणेचा, इंडोनेशियापासून दक्षिण हिंदी महासागरापर्यंत.

करून पाहा : कागदावरचे विमान

लागणारे साहित्य : मोठा कागद, कंपासपेटी, कागदाची अरुंद पट्टी. प्रमाण धरा १ सेंटिमीटर = ५०० किलोमीटर.

कागदाच्या मध्यावर ‘उ’ हा बिंदू घ्या. त्याभोवती ६.६, ६.७, ७.३, ८.२, ९.७ आणि ९.९ सेंटिमीटर त्रिज्येची वर्तुळे काढा आणि प्रत्येकावर ३:४१ पासूनच्या वेळा लिहा. (उपग्रह झुलतो म्हणून मध्य खरे तर थोडा सरकतो आणि पृथ्वी कागदासारखी सपाट नाही. वर्गात या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवू.)

आता पट्टीवर विमानाच्या खुणा करा. वेग ताशी ८५० किलोमीटर धरला तर तासाला १.७ सेंटिमीटर. म्हणून खुणा अशा येतील : ३:४१ ला ०, ४:४१ ला १.७, ५:४१ ला ३.४, ६:४१ ला ५.१, ८:११ ला ७.६५ आणि ८:१९ ला ७.९. पट्टी वर्तुळांवर सरकवत अशी ठेवा, की प्रत्येक खूण आपापल्या वर्तुळावर पडेल.

ती पडते. एक-दोन मिलिमीटरचा फरक राहील, पण सहाही खुणा जुळतात. पायथागोरसच्या प्रमेयाने हे पडताळता येते. विमान ३:५५ च्या सुमारास मध्याच्या सर्वांत जवळ, ३,२९० किलोमीटरवर होते असे धरा. ६:४१ पर्यंत पावणेतीन तासांत ते सरळ रेषेत सुमारे २,३५० किलोमीटर गेले. ३,२९० आणि २,३५० यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा : सुमारे ४,०४०. मोजमापाने आलेला आकडा ४,१००. आपण पृथ्वी सपाट धरली होती हे लक्षात घेतले, तर हे जुळणे चांगलेच आहे.

म्हणजे कोडे सुटले का? इथे मुलांना थांबवून तीन प्रश्न विचारा.

पहिला : जुळलेली पट्टी तशीच धरून, ‘उ’भोवती फिरवली तर? कुठल्याही दिशेला ती तितकीच जुळते. वर्तुळांना दिशा माहीत नाही. दिशा येते ती रडारच्या शेवटच्या बिंदूवरून. विमान सुमात्राच्या उत्तरेकडून निघाले, म्हणून पट्टीचे सुरुवातीचे टोक मध्याच्या पूर्वेकडेच हवे.

दुसरा : पट्टी उलटी केली, म्हणजे आरशातली प्रतिमा घेतली तर? तीही जुळते. एक दक्षिणेकडे जाते, एक उत्तरेकडे.

तिसरा : वेग ८५० नसेल तर? ७०० ची सरळ पट्टी जुळत नाही. पण कंपासमध्ये १.४ सेंटिमीटर अंतर घेऊन एका वर्तुळावरून पुढच्या वर्तुळावर पाऊल टाकत गेलात, तर वाकडी वाट मिळते आणि तीही सर्व वर्तुळांना शिवते. मात्र वेग कितीही कमी चालणार नाही. ६:४१ ते ८:११ या दीड तासात त्रिज्याच ७५० किलोमीटरने वाढली आहे. म्हणून त्या काळात वेग ताशी ५०० पेक्षा कमी असूच शकत नाही.

एका मोजमापाने काय ठरते आणि काय मोकळे राहते, हे हाताने कळण्यासाठी याहून स्वस्त प्रयोग सापडणे कठीण आहे.

उत्तर की दक्षिण?

स्टेशनात न थांबता जाणारी गाडी शिट्टी वाजवत येते, तेव्हा सूर उंच असतो. ती पुढे निघून गेली की तोच सूर एकदम उतरतो. हा डॉप्लर परिणाम. रेडिओ लहरींनाही तो लागू आहे. विमान आणि उपग्रह एकमेकांकडे येत असतील तर कंपनसंख्या वाढते, दूर जात असतील तर घटते.

विमानाचे यंत्र आपल्या वेगामुळे होणारा बदल आधीच दुरुस्त करून लहर पाठवते. पण ही दुरुस्ती करताना ते उपग्रह विषुववृत्तावर एका जागी अगदी स्थिर आहे असे धरून चालते. आपला जुना उपग्रह तर झुलत होता. म्हणून दुरुस्तीनंतरही थोडासा फरक उरत असे आणि पर्थला तो नोंदला जात असे. सुमारे १६४ कोटी हर्ट्झच्या लहरीत हा फरक ३:४१ ला १११ हर्ट्झ, ४:४१ ला १४१, ५:४१ ला १६८, ६:४१ ला २०४ आणि ८:११ ला २५२ हर्ट्झ होता. म्हणजे तो सतत वाढत गेला.

उपग्रह या वेळात काय करत होता? सर्वांत उत्तरेच्या बिंदूपासून निघून तो दक्षिणेकडे, अधिकाधिक वेगाने सरकत होता. ८:११ पर्यंत त्याचा हा वेग सेकंदाला सुमारे ८० मीटर झाला होता. विमान दक्षिणेला असेल तर उपग्रह त्याच्याकडे येत होता आणि कंपनसंख्या वाढायला हवी. विमान उत्तरेला असेल तर उपग्रह त्याच्यापासून दूर जात होता आणि परिणाम उलट व्हायला हवा. इन्मारसॅटच्या अभियंत्यांनी दोन्ही मार्गांसाठी अपेक्षित आकडे काढले. ज्यांचा मार्ग माहीत होता अशा दुसऱ्या विमानांच्या नोंदींवर हीच पद्धत वापरून ती बरोबर चालते का, तेही पाहिले. एमएच ३७० च्या नोंदी दक्षिणेच्या मार्गाशी जुळल्या, उत्तरेच्या मार्गाशी जुळल्या नाहीत. २४ मार्च २०१४ रोजी मलेशियाच्या पंतप्रधानांनी जाहीर केले की विमानाचा प्रवास दक्षिण हिंदी महासागरात संपला.

उपग्रह ठरल्याप्रमाणे अगदी स्थिर असता, तर दोन्ही आरशातल्या वाटा सारख्याच ठरल्या असत्या. त्याच्या झुलण्यामुळे निवड करता आली.

मात्र या दुसऱ्या मोजमापाची ताकद मर्यादित आहे. वेळेच्या नोंदीवरून कंस सुमारे १० किलोमीटर इतका नेमका काढता येतो. कंपनसंख्येत मात्र यंत्राच्या तापमानापासून अनेक गोष्टींचे लहान लहान दोष मिसळतात. ते उत्तर-दक्षिण ठरवायला आड येत नाहीत, पण हजारो किलोमीटर लांबीच्या कंसावर नेमका कुठे, हे सांगायला अपुरे पडतात.

शेवटची आठ सेकंदे

८:१९ ची नोंद वेगळी आहे. या वेळी भूकेंद्राने विचारले नव्हते. विमानातल्या यंत्राने आपणहून पुन्हा जोडणी मागितली. वीज जाऊन परत आली की ते असे करते. उड्डाणाला साडेसात तासांहून अधिक वेळ झाला होता. इंधन संपून इंजिने बंद पडली आणि मग सहायक जनित्राने थोडा वेळ वीज दिली, हे याचे सर्वांत सरळ स्पष्टीकरण आहे.

या जोडणीत आठ सेकंदांच्या अंतराने दोन संदेश आले. पहिल्यात फरक १८२ हर्ट्झ, दुसऱ्यात उणे २. यंत्र आपल्या आडव्या वेगाची दुरुस्ती करते, वर-खाली जाण्याची करत नाही. म्हणून ही मोठी घट काय सांगते ते पाहू. या लहरीसाठी १ हर्ट्झ म्हणजे उपग्रहाच्या दिशेत सेकंदाला सुमारे १८ सेंटिमीटर. १८४ हर्ट्झचे होतात सेकंदाला ३३ मीटर. उपग्रह विमानातून क्षितिजाच्या वर सुमारे ३९ अंशांवर दिसत होता, म्हणून ३३ ला ३९ अंशांच्या साइनने, ०.६३ ने, भागायचे. उत्तर सुमारे ५३. म्हणजे आठ सेकंदांत विमानाचा खाली जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ५० मीटरने वाढला. आधार सुटलेला दगड आठ सेकंदांत सेकंदाला ७८ मीटर वेग घेतो. आपले विमान त्यापासून फार दूर नव्हते.

ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण-विज्ञान संस्थेने दोष धरून केलेल्या हिशेबात दुसऱ्या संदेशाच्या वेळी खाली जाण्याचा वेग ताशी सुमारे २५० ते ४६० किलोमीटर आला. त्यावरून असे मानले गेले की विमान या सातव्या कंसापासून फार लांब गेले नसावे.

समुद्राने आणलेला पुरावा

२९ जुलै २०१५ रोजी, जवळजवळ सतरा महिन्यांनी, आफ्रिकेजवळच्या रीयुनियन बेटाच्या किनाऱ्यावर विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेचा एक भाग मिळाला. त्याला फ्लॅपरॉन म्हणतात. तो याच विमानाचा असल्याचे सिद्ध झाले. पुढे मोझांबिक, टांझानिया, मॉरिशस, मादागास्कर आणि दक्षिण आफ्रिका या किनाऱ्यांवरही तुकडे मिळाले. उपग्रहाच्या आकड्यांशी काही संबंध नसलेला हा स्वतंत्र पुरावा होता आणि तोही हिंदी महासागराकडेच बोट दाखवत होता.

आता उलटा हिशेब करायचा होता. तुकडा इथे पोचला, तर तो निघाला कुठून? ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेने समुद्रप्रवाह आणि वाऱ्यांचे संगणकी नमुने वापरले आणि पूर्वी समुद्रात सोडलेल्या तरंगत्या मापकांच्या वाटा पाहिल्या. मग त्यांनी बोइंग ७७७ चा खरा फ्लॅपरॉन मिळवला, सापडलेल्या तुकड्याच्या मापाचा कापला आणि समुद्रात सोडला. तो वाऱ्याच्या दिशेच्या थोडा डावीकडे वळत आणि आधी वापरलेल्या प्रतिकृतींपेक्षा वेगाने वाहत गेला. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी सांगितले की सातव्या कंसावर ३५ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपासची जागा सर्वांत संभवनीय आहे.

या हिशेबात एक न मिळालेली गोष्टही मोलाची ठरली. विमान कंसावर बरेच दक्षिणेला पडले असते, तर काही तुकडे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला लागायला हवे होते. तसे झाले नाही.

मग सापडले का नाही?

ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि चीन यांनी मिळून समुद्रतळाचा १,२०,००० चौरस किलोमीटर भाग तपासला आणि १७ जानेवारी २०१७ रोजी शोध थांबवला. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या कंपनीने आणखी सुमारे १,१२,००० चौरस किलोमीटर तपासले. यातला प्रत्येक भाग महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून मोठा आहे, आणि तोही काही ठिकाणी सहा किलोमीटर खोल, अंधारा, डोंगरदऱ्यांचा. दोन्ही शोधांत विमान मिळाले नाही. मार्च २०२५ मध्ये मलेशिया सरकारने याच कंपनीशी १५,००० चौरस किलोमीटरच्या नव्या क्षेत्रासाठी, ‘सापडले तरच पैसे’ या अटीवर, करार केला.

२००९ च्या एअर फ्रान्सच्या विमानाशी तुलना केली की अडचण समजते. ते विमान आपली जागा दर दहा मिनिटांनी कळवत होते, त्यामुळे शोधाचे क्षेत्र सुरुवातीलाच सुमारे ७४ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात मावले. तरीही सांगाडा मिळायला एप्रिल २०११ उजाडले. एमएच ३७० च्या बाबतीत हाती बिंदू नाही, रेषा आहे.

अशा शोधात ‘इथे नाही’ हेही उत्तर वाया जात नाही. तपासलेल्या भागाची शक्यता कमी झाली की न तपासलेल्या भागाची वाढते. संभाव्यतेतल्या बेझच्या नियमाने हा नवा हिशेब मांडतात. दोन्ही मोहिमांची रिकामी क्षेत्रे, वाहून आलेले तुकडे आणि सात कंस एकत्र ठेवूनच पुढची जागा निवडली जाते.

विमान का वळले, ते कोणी वळवले, याचे उत्तर या गणितात नाही. जुलै २०१८ च्या मलेशियाच्या तपास अहवालानेही, हाती असलेल्या पुराव्यावरून कारण निश्चित करता येत नाही असेच म्हटले. पण व्यवहारात बदल झाला. नोव्हेंबर २०१८ पासून, समुद्रावरून जाणाऱ्या मोठ्या विमानांचा ठावठिकाणा दर पंधरा मिनिटांनी कळला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला. पंधरा मिनिटांत विमान दोनशेच्या आसपास किलोमीटर जाते. एमएच ३७० च्या शेवटच्या ज्ञात जागेनंतर ते साडेपाच तासांहून जास्त उडाले होते.

हा पाठ वर्गात घेताना एक काळजी घ्यावी. आकड्यांमागे २३९ माणसे आहेत, आणि त्यांच्या घरच्यांच्या दृष्टीने रेषा आणि बिंदू यांतला फरक फार मोठा आहे. म्हणूनच ‘आम्हाला इतके माहीत आहे, इतके नाही’ हे नेमके सांगणे या शोधात सर्वांत महत्त्वाचे होते. मुलांनी काढलेल्या वर्तुळांखाली त्यांना दोन याद्या लिहायला सांगा : कशाची खात्री आहे, आणि काय अजून मोकळे आहे. पट्टी किती अचूक जुळली, यापेक्षा या याद्या किती प्रामाणिक आहेत, ते पाहावे.